पालथे कागद

आमच्या दवाखान्यात मेलेल्या माणसाच्या केसपेपरवर 'मयत' असं कधी लिहिलेलं नसे. सत्याप्पा तो कागद गठ्ठ्यातून काढायचे, पालथा करायचे आणि होता त्याच जागी परत ठेवायचे. ही खूण अडतीस वर्षं फक्त दोघांना ठाऊक होती, सत्याप्पांना आणि माझ्या वडिलांना. वडील गेले तेव्हा सत्याप्पांनी त्यांचाही कागद पालथा केला असणार. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

दवाखाना अनगोळात आहे, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. माझ्या वडिलांनी, डॉक्टर भीमरत्नांनी, तो शहाऐंशी साली काढला. आमचं घर मूळचं निपाणीचं. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि सत्याप्पांची आईही तिथंच. वडील शिकून डॉक्टर झाले, सत्याप्पांची शाळा सातवीत सुटली. पण अनगोळात दवाखान्याची पाटी लागली त्या दिवशी शिडी धरायला म्हणून सत्याप्पा आले, आणि मग परत गेलेच नाहीत. कंपाउंडर तेच, नंबर देणारे तेच, ड्रेसिंग करणारे तेच, रागावलेल्या पेशंटची समजूत घालणारेही तेच. वडिलांच्या मागं दवाखाना माझ्याकडं आला तेव्हा खुर्ची, टेबल, वजनकाटा यांच्याबरोबर सत्याप्पाही आले. मी त्यांच्यापुढं लहानाची मोठी झाले होते, त्यामुळं त्यांना काढायचा प्रश्नच नव्हता. उलट तेच मला ठेवून घेतायत की काय, असं कधी कधी वाटायचं.

त्यांची खरी विद्या कानात होती. वखारीतल्या धुरळ्यानं त्यांच्या आईला दमा जडलेला. खोलीत दिवा नसायचा. आई झोपलीय, जागी आहे की तिला त्रास होतोय, हे त्या पोराला अंधारात नुसत्या श्वासावरून ओळखावं लागे. एकदा ओळखायला उशीर झाला आणि आई गेली. त्यानंतर हा माणूस कधी चुकला नाही. बाकड्याच्या टोकाला स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि एकदम म्हणायचे, "सात नंबर आधी आत." मग भांडणं व्हायची. "आमी सकाळधरनं बसलोय की वो आप्पा, ह्यो आत्ता आलाय." सत्याप्पा ढिम्म. सात नंबर आत यायचा आणि त्याच्या फुप्फुसात पाणी झालेलं असायचं. वडील म्हणत, मला नळी लावावी लागते, सत्याप्पाला तीही लागत नाही.

माझ्या मागं मात्र त्यांनी भुणभुण लावली होती. कागदांची खोली माडीवर, अकरा पायऱ्या चढून. "आक्का, अलीकडं चौथ्या पायरीला तुमचा दम तुटतोय. कुनाला तरी दाखवा."

"मीच डॉक्टर आहे, आप्पा."

"म्हनूनच सांगतोय."

मी हसण्यावारी न्यायची. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या अनगोळाला माहीत आहे, पण सत्याप्पांवर चिडणं जमायचं नाही. ते जमलं तेव्हा भलत्याच वेळी जमलं.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की दवाखान्यात व्हिडिओवर पेशंट तपासायचे. कारण साधं होतं. बेळगुंदी, सांबरा, पलीकडची खेडी, इथून आमच्याकडं येणारे निम्मे लोक म्हातारे. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळूरला. बीपीच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की बदलायच्या, एवढं विचारायला ती माणसं अख्खा दिवस एसटीत घालवत. बेळगावातल्या एका कंपनीतून सौम्या नावाची मुलगी हे काम लावून द्यायला आली. घरचं कन्नड, मराठी त्याच हेलानं बोलायची, आणि कामाला वाघीण.

महिनाभर आम्ही तयारीत होतो. औषधांची दोन खोकी एकावर एक ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणला. माझ्या पाठीमागं पांढरा पडदा लावला, समोर दिवा. संमतीचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घेतला. काय फोनवर बघायचं आणि कशाला दवाखान्यातच बोलवायचं, याची यादी भिंतीवर चिकटवली. सत्याप्पा गावोगाव जाऊन लोकांना फोन कसा धरायचा ते शिकवून आले. तरी सुरुवातीला लोक व्हिडिओ लागला की फोन कानाला लावत. पडद्यावर मला नुसता एक मोठा कान दिसे, केसांसकट. त्या कानाला मी विचारत असे, जेवलात का.

सत्याप्पांना मात्र ते यंत्र पहिल्या दिवसापासून पटलं नाही. तालीम म्हणून सौम्यानं पहिला पेशंट त्यांनाच केलं. यादीत पहिलं नाव सत्याप्पा. ते बाहेर बाकड्यावर टॅब घेऊन बसले, मी आत. बोलून झाल्यावर ते टॅबला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग आत आले.

"मानूस दिसतंय, आक्का. पन दम कुटं हाय?"

सौम्या म्हणाली, "तो सॉफ्टवेअर गाळतंय की, आप्पा. पंखा, गाडीचा हॉर्न, श्वास, सगळा फालतू आवाज काढून टाकतंय. बोलणं तेवढं ठेवतंय."

"दम फालतू व्हय?"

त्यांनी ती गाळणी बंद करायला सांगितलं. बंद केली तर पंख्याची घरघर, गल्लीतल्या स्कूटर, कुणाच्या तरी घरचा मिक्सर, शिवाय माझाच आवाज फिरून माझ्या कानावर. मी ती परत चालू करायला लावली. सत्याप्पा पुन्हा तेच बोलू लागले तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, दवाखाना माझा आहे. मी ठरवीन." ते वाक्य मला अजून टोचतं.

त्यानंतरच्या आठवड्यात ते पुतणीच्या लग्नाला चार दिवस निपाणीला गेले. तेवढ्यात जुने केसपेपर संगणकात भरून घ्यायचे, म्हणून मी आणि सौम्या माडीवर बसलो. आणि बघते तर काय, प्रत्येक गठ्ठ्यात मध्ये मध्ये कागद पालथे. एकूण तीनशेच्या वर. माझं डोकं फिरलं. अडतीस वर्षं तेच काम करून माणसाला कागद सरळ लावता येऊ नयेत? सौम्यानं विचारलं, "मॅडम, मुद्दाम ठेवलेत काय?" मी म्हटलं, "मुद्दाम कशाला, वय झालंय." आम्ही एकेक कागद सुलटा करत गेलो आणि नावं, नंबर भरत गेलो.

दुपारची वेळ होती, दवाखाना बंद, खाली कुणी नाही. पण कागद सुलटे करताना खालून बाकड्याचा आवाज यायला लागला. आमचं ते बाकडं जुनं आहे, माणूस बसला की करकरतं. मी खाली जाऊन बघितलं. दाराला आतून कडी, बाकडं रिकामं. वर आले, पाचसहा कागद झाले, पुन्हा करकर. नंतर नंतर तर एकदोन माणसं नव्हे, दाटीवाटीनं बसावीत तसा आवाज येत राहिला. सौम्या हात थांबवून माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, उन्हानं लाकूड तडकतं. ऊन तिथं येत नाही, हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या नंबरांवर संदेश गेला. आता डॉक्टरांना घरबसल्या भेटा, वेळ हवी असल्यास एक दाबा. खाली प्रत्येकाचं नाव.

सत्याप्पा लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन परत आले. माडीवर गेले, आणि खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. स्टुलावर बसून म्हणाले, "आक्का, पालथी कागदं कुनी सुलटी केली?"

"मी केली. का?"

"ती गेल्याल्यांची हुती."

मी आधी समजलेच नाही. मग समजलं आणि शरम वाटायच्या ऐवजी रागच आला. "मग वर 'मयत' लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

"ज्येला मी हातानं दवा दिली, त्येच्या नावाम्होरं मी हातानं मेला म्हनून लिवू?" ते सावकाश म्हणाले. "डॉक्टरांनीच सांगितलं हुतं, नगं लिवू, पालथा कर, झोपू द्या त्येनला. तुमी समद्यास्नी उठीवलं."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीच त्यांना वेळ देता का, म्हणून एकानं आईवरून शिव्या दिल्या. एक बाई मात्र शांतपणे म्हणाली, "डॉक्टरीनबाई, ह्येंचा नंबर लागून सा वर्सं झाली." त्या शांतपणानं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दोन दिवस मी माफी मागत होते. सौम्या एकेक नाव यादीतून काढत होती आणि माडीवर सत्याप्पा आठवून आठवून कागद पुन्हा पालथे करत होते.

एक नाव मात्र निघेना. बेळगुंदीचा मष्णू.

हा मष्णू आमच्याकडं वीस वर्षं येत होता, पण स्वतःसाठी कधीच नाही. त्याची बायको जयाबाई मधुमेहाची पेशंट. खेड्यातली रीत अशी की पुरुष सकाळच्या गाडीनं पुढं येऊन नंबर लावून बसतो, आणि बाई जनावरं, दूध, स्वयंपाक उरकून मागनं येते. मष्णू दर मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाकड्यावर हजर. बिड्या ओढून ओढून त्याची छाती वाजायची. श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी. सत्याप्पा कितीदा म्हणाले असतील, "मष्णू, तूच आधी आत जा." त्याचं उत्तर ठरलेलं, "माजा न्हाय वो आप्पा, मंडळीचा नंबर हाय." त्यातच, व्हिडिओ सुरू व्हायच्या दीड वर्ष आधी, तो गेला. त्याचा कागद पालथा करताना सत्याप्पा रडले होते, हे मला फार नंतर कळलं.

जयाबाईच्या कागदावर फोन नंबर मष्णूचाच होता, तिला वेगळा फोन नव्हताच. एक नंबर दोन नावांवर असला की सॉफ्टवेअर अडून बसे. "नंतर बघू," मी सौम्याला म्हटलं.

मग तो मंगळवार आला, व्हिडिओचा पहिला दिवस. बाहेर बाकडं भरलेलं, आत पडद्यावर थांबलेल्यांची यादी. पहिले चार पेशंट छान झाले. सौम्या शेजारी बसली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी यादीत नवीन नाव आलं. मष्णू, बेळगुंदी, हजर.

मला वाटलं, कुणी पोरटोर फोनशी खेळतंय. नावापुढं 'काढून टाका' असं बटण असतं. मी दाबलं. पाच मिनिटांनी नाव परत. मी परत काढलं. सांबऱ्याच्या एका आजोबांना पायाची सूज दाखवायला सांगत होते, तेवढ्यात तिसऱ्यांदा आलं. मी चिडून बटण असं दाबलं की टॅब खोक्यांवरून घसरला.

चौथ्यांदा नाव आलं तेव्हा साडेअकरा झाले होते. म्हटलं, आता घेतेच आत, कोण आहे ते बघून चांगला दम देते. चित्र नव्हतं, पडदा काळा. मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

उत्तर आलं नाही. श्वास आला. जवळ, शेजारी कुणी बसावं इतक्या जवळ. लांब ओढलेला, अडकत सुटलेला, आणि शेवटी बारीक शिट्टी. सौम्यानं सवयीनं सेटिंग उघडून बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, गाळणी चालू आहे. श्वास ऐकू यायला नको."

सत्याप्पा बाहेर एका बाईचं वजन करत होते. ते सगळं टाकून दारात येऊन उभे राहिले. कान टॅबकडं, नजर जमिनीवर.

"मष्णू," ते म्हणाले. मला नव्हे, टॅबला. आणि बाकड्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कुनासाटी नंबर लावलास रं?"

शिट्टी थांबली. मग यादीतून नाव आपोआप गेलं.

सत्याप्पांनी खुंटीवरची पिशवी काढली. "आक्का, बेळगुंदीला जायाला पायजे. जयाबाईचं कायतरी झालंय."

मी नाही म्हटलं. पहिला दिवस, बाहेर वीस माणसं, पडद्यावर सहा. मेलेल्या माणसाच्या श्वासावर दवाखाना बंद करून निघायचं? आम्ही कुणाची लेकरं, आमच्या घरात काय शिकवलं, सगळं मी त्यांना ऐकवलं. वडिलांनी आयुष्यभर अंगारे-धुपारे सोडायला सांगितलं, आणि त्यांचाच माणूस असं बोलतो?

सत्याप्पांनी ऐकून घेतलं. "त्यो भूत हाय का न्हाय, ते मला कळत न्हाय. मला दम कळतोय. वीस वर्सं त्यो सोत्तासाटी आला न्हाय. आजबी आला नसंल." आणि निघाले एसटीच्या थांब्याकडं.

मी अर्धा तास धुमसत पेशंट बघितले. कुणाचं काय ऐकलं, मला आठवत नाही. शेवटी लोकांना उद्या यायला सांगितलं आणि गाडी काढली. सत्याप्पा थांब्यावरच होते, एसटी आलीच नव्हती. ते गाडीत बसले. वाटेत शेतांमध्ये रताळ्यांची काढणी चालली होती, बाया वाकून वेल ओढत होत्या, सगळं नेहमीसारखं. मला स्वतःचं हसू येत होतं. जयाबाई दारात तांदूळ निवडत बसलेली दिसणार आणि आपला पोपट होणार, अशी माझी खात्री होती.

घर गावाबाहेर, शेतात. लांबूनच म्हशीचं ओरडणं ऐकू आलं. ते साधं ओरडणं नव्हतं, दूध न काढलेल्या जनावराचं होतं. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं की बाहेरच्या खोलीत फळीवर मष्णूचा फोटो, आणि फोटोला टेकवून उभा केलेला त्याचा फोन, चार्जरला लावलेला. पडदा भिंतीकडं. मी हाका मारल्या. उत्तर नाही. स्वयंपाकघर अंधारं होतं. मी म्हटलं, "कुणी नाही, लेकीकडं गेली असेल."

सत्याप्पांनी हात वर करून मला गप्प केलं. उंबऱ्यात गुडघ्यावर बसले, डोळे मिटले. मला फक्त म्हैस ऐकू येत होती.

"हाय," ते म्हणाले. "दम हाय. तितं, जात्यामागं."

जयाबाई जातं आणि भिंत यांच्या मधे पडली होती. रविवारी संध्याकाळी घसरून पडली, खुबा मोडला, उठता आलं नाही. शेजारची नीलम, जी रोज येऊन जायची, ती माहेरी गेलेली. दूधवाल्याला वाटलं, बाई गावाला गेली. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही, वर मधुमेह. तिचा श्वास इतका क्षीण होता की मी नाकापुढं हात धरला तरी मला तो लागेना. सत्याप्पांना तो उंबऱ्यातून लागला होता. मी सलाईन लावलं, एकशेआठला फोन केला. गाडी येईपर्यंत सत्याप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि तिला सांगत राहिले, "नंबर आलाय जयाबाय. उट आता, तुजाच नंबर हाय."

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर ती हाती लागली नसती. ती वाचली. नवव्या दिवशी मी भेटायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पेज पीत.

"लई घाबरलीस का गं, एकटी?" मी विचारलं.

"एकटी कुटं, डॉक्टरीनबाई. ह्ये हुते की. म्हनले, गप पडून ऱ्हा, मी नंबर लावतो. म्हनून ऱ्हायले." वाडगा खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नुसतं कळावं म्हणून. "पन ह्येनला तुमी तीन डाव भाईर काडलंसा. का वो?"

तीन वेळा मी बटण दाबलं होतं, हे सौम्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. सत्याप्पांनाही नाही.

सौम्यानं पुढं सगळं तपासलं. शनिवारी नीलमनं जयाबाईच्या सांगण्यावरून एक दाबला होता, आलेली लिंक उघडली होती आणि फोन फळीवर ठेवला होता. लिंक उघडी राहिली की वेळ झाल्यावर फोन आपला आपण यादीत येतो आणि बाहेर काढला तरी परत परत येतो. हे मला पटलं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, आणि पटण्यासारखं काही मिळालं की ते घट्ट धरते. गाळणीतून श्वास कसा आला, हे सौम्याला सांगता आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

मात्र गाळणी त्याच दिवशी बंद झाली, कायमची. पंखा घरघरतो, मिक्सर चालतो, चालू द्या. थांबलेल्यांची यादी सत्याप्पांच्या हाती दिली. ते स्टुलावर टॅब कानाला लावून बसायचे, आणि एकदम म्हणायचे, "सांबऱ्याच्या आजीला आधी घ्या." आता पडद्यावरचे लोकही भांडू लागले. कुणाचं चित्र दिसेना, आवाज येईना, तरी त्याला काढून टाकायचं नाही. आधी विचारायचं, कुणासाठी नंबर? हा नियम सत्याप्पांचा. यादीखाली मी तो छापून लावलाय.

गेल्या माघात सत्याप्पा गेले. निपाणीत, दुपारी, जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांना कुठलाच आजार नव्हता. आदल्या शनिवारी निघताना नेहमीसारखं म्हणाले होते, "आक्का, चौथी पायरी." मी नेहमीसारखं "हो हो" म्हटलं होतं.

निपाणीत पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आम्ही परत आलो. त्यांचा कागद पालथा करायचं काम आता माझ्याकडं. अकरा पायऱ्या चढून गेले, चौथीला थांबून. त्यांच्या गठ्ठ्यात शेजारीच वडिलांचा कागद होता, पालथा. त्याच्यावर मी सत्याप्पांचा तसाच ठेवला आणि तिथंच खाली बसून रडले. वडील गेले तेव्हाही इतकं रडू आलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी टॅब घेऊन स्वतःच यादीपुढं बसले होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी नाव आलं. सत्याप्पा, अनगोळ, हजर.

मी सौम्याला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, ती तालमीची नोंद. पहिली केलेली, आठवतंय? राहून गेलीय. काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नाव आत घेतलं. पडदा काळा. बाहेर बाकड्यावर माणसं होती, पण त्या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही. मी विचारलं, "आप्पा, कुणासाठी नंबर?"

पलीकडून काही आलं नाही. गाळणी बंद असल्यामुळं माझाच श्वास फिरून टॅबमधून माझ्या कानावर येत होता. खुर्चीत बसले होते, जिना चढलेला नव्हता. तरी तो मधे तुटत होता. मी तो ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

नाव आपलं आपण यादीतून गेलं. मी बाहेरच्या दोन पेशंटना तपासलं, हात धुतले आणि बेळगावातल्या एका हृदयरोग तज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन केला. तिकडच्या मुलीनं विचारलं, नंबर कुणासाठी?

"माझाच," मी म्हटलं.